एका डॉलरचा पूल

न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी शहरात हडसन नदीवर 1889 साली सुरू झालेला एक रेल्वेपूल आहे. लांबी 6,768 फूट, पाण्यापासून उंची 212 फूट. 8 मे 1974 रोजी त्यावरच्या लाकडी स्लीपरांनी पेट घेतला आणि गाड्या कायमच्या थांबल्या. रेल्वे कंपनी आधीच दिवाळखोरीत गेलेली, मग दुरुस्ती करणार कोण? 1984 मध्ये अख्खा पूल एका डॉलरला विकला गेला.

किंमत एक डॉलर असली, तरी पुलाबरोबर कर येतो, विमा येतो, बोटींसाठी रात्री दिवे लावणं येतं, आणि खाली पडणाऱ्या प्रत्येक तुकड्याची जबाबदारीही. बंद पूल वर्षानुवर्षं पडून राहतात ते बहुधा याच ओझ्यामुळे.

1992 मध्ये बिल सेपे यांच्या पुढाकारानं पकिप्सी परिसरातले रहिवासी एकत्र आले. गाड्या नाहीत तर नाहीत, या पुलावरून माणसांनी चालावं, एवढीच त्यांची मागणी. स्वयंसेवक फळ्या ठोकत राहिले. 1998 मध्ये त्यांच्या संस्थेनं पुलाची मालकीच घेतली. मला या लढ्यातलं सगळ्यात धाडसाचं पाऊल हेच वाटतं: दुसऱ्यानं काहीतरी करावं म्हणून अर्ज करत बसण्याऐवजी त्यांनी ते ओझं स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

पण एवढा अवाढव्य पूल केवळ श्रमदानानं उभा राहणं शक्य नव्हतं. 2004 नंतर फ्रेड शेफर यांच्या नेतृत्वाखाली संस्थेनं वाट बदलली. डायसन फाउंडेशन पाठीशी उभं राहिलं, सरकारी निधी आला, अभियंत्यांनी पाण्याखालच्या पायांपासून वरच्या पोलादापर्यंत तपासणी केली. तपासणी हा वेळकाढूपणा नव्हे. गुजरातेत मोरबीचा झुलता पूल दुरुस्तीनंतर 26 ऑक्टोबर 2022 रोजी खुला झाला आणि चारच दिवसांत कोसळला. 135 माणसं गेली. पकिप्सीच्या लोकांनी वर्षं मोजली, पण घाई केली नाही.

हेन्री हडसनच्या याच नदीतल्या 1609 मधल्या जलप्रवासाला 2009 मध्ये चारशे वर्षं होत होती. पूल उघडण्याची तीच मुदत ठरली. गंजलेले भाग दुरुस्त झाले, वर काँक्रीटच्या तयार लाद्या बसल्या, कठडे लागले. सुमारे 3.9 कोटी डॉलर खर्च आला आणि 3 ऑक्टोबर 2009 रोजी पूल पादचाऱ्यांसाठी उघडला. तो आता राज्याचं उद्यान आहे. सायकली आणि चाकाच्या खुर्च्याही त्यावरून जातात, आणि 2014 पासून पकिप्सीच्या काठावरून थेट वर नेणारी लिफ्टही आहे.