नवे दात पिवळे का? आधी पाण्याचा विचार करा

दुधाचे दात पडून समोरचे नवे दात आले की घरात कौतुक होतं. मग एखाद्या दिवशी फोटो पाहताना आईच्या लक्षात येतं, की शेजारचे दुधाचे दात पांढरेशुभ्र आहेत आणि हे नवे मात्र पिवळट! लगेच मुलाची हजेरी घेतली जाते, "नीट घासत नाहीस तू!"

थोडं थांबा. कायमचे दात दुधाच्या दातांपेक्षा पिवळसर असतातच. त्यांच्या आतला थर पिवळा असतो आणि तो वरच्या आवरणातून दिसतो. सगळा दात सारखाच फिकट पिवळा असेल, तर काळजीचं कारण नाही. पण खडूसारखे पांढरे पट्टे, पिवळे-तपकिरी डाग आणि तेही डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या दातांवर असतील, तर फ्लोराइडची शंका घ्यायला हवी.

हैदराबादकरांना यासाठी लांब जायला नको. आपल्यापासून साधारण शंभर किलोमीटरवरचा नलगोंडा जिल्हा याच दुखण्यासाठी देशभर ओळखला गेला. तिथल्या खडकातून भूजलात उतरलेल्या फ्लोराइडमुळे मुलांचे दात डागाळले आणि अनेकांची हाडंही वाकली. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने सत्तरच्या दशकात तुरटी आणि चुना वापरून पाण्यातलं फ्लोराइड कमी करण्याची पद्धत काढली. तिचं नावच 'नलगोंडा तंत्र' पडलं. पुढे मिशन भगीरथ योजनेतून गावोगावी नळाने नदी-जलाशयांचं पाणी नेण्यात आलं. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांतही हा प्रश्न आहे.

मग शहरात राहणाऱ्या आपल्याला काय त्याचं? शहराच्या नळाला मांजरा, कृष्णा, गोदावरीचं पाणी येतं. पण कितीतरी सोसायट्या, विशेषतः नव्या वस्त्यांतल्या, बोअर आणि टँकरवर चालतात. ते पाणी कोणत्या खडकातून आलं, हे आपण विचारत नाही.

यातली खरी मेख वेळेची आहे. समोरच्या कायमच्या दातांचं आवरण बाळाच्या पहिल्या वर्षातच हिरडीच्या आत तयार होऊ लागतं आणि चार-पाच वर्षांपर्यंत ते काम चालतं. दात दिसतो सहाव्या-सातव्या वर्षी. म्हणजे आज दिसणारा डाग हा मूल दीड-दोन वर्षांचं असताना प्यालेल्या पाण्याचा असू शकतो. तो घासून जात नाही. म्हणून काळजी घ्यायची ती घरात तान्हं मूल असतानाच. साधारण आठव्या वर्षापर्यंत हे भान ठेवावं.

काय करता येईल?

पाणी तपासून घ्या. बोअरचं पाणी प्रयोगशाळेत देताना फ्लोराइडची चाचणी सांगून मागा. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगलं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात.

उकळण्यावर विसंबू नका. उकळून जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. नुसत्या यूव्ही फिल्टरनेही ते निघत नाही, आरओने बरंचसं निघतं.

पेस्ट बेताने घ्या. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी. गिळायची नाही, थुंकायची. पण घाबरून फ्लोराइडची पेस्ट परस्पर बंद करू नका; दात किडण्यापासून तीच वाचवते.

इतर कारणंही पाहा. एकाच दातावर डाग असेल, तर लहानपणी पडून दुधाच्या दाताला लागलेला मार आठवा. लोहाच्या औषधाने आलेला काळेपणा वरवरचा असतो, डॉक्टर तो साफ करतात. टेट्रासायक्लिन गटाची औषधं मात्र गरोदरपणात आणि लहानपणी दिल्यास दात आतून रंगू शकतात. त्यामुळे जुनी गोळी मनाने देऊ नका.

लिंबू, खायचा सोडा, कोळशाची पूड यांनी दात घासून काढण्याचा हट्ट नको. त्याने आवरणच झिजतं. सौम्य डागांनी दात कमकुवत होत नाहीत आणि खुपत असतील तर दंतवैद्यांकडे उपाय आहेत.

शेवटी, फोटोत तोंड मिटून हसणाऱ्या मुलाला रागावण्याआधी एवढं आठवा: ते बाळ असताना पाणी कोणतं द्यायचं, हे आपण ठरवलं होतं, त्याने नव्हे.