लपवता न येणारा सोर्स कोड

वेबसाइट उघडली की तिचा एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट कोड आपल्या संगणकावर उतरतो. तो वाचूनच ब्राउझर पान दाखवतो. मग कोड लपवायला राइट-क्लिक बंद करून काय साधणार? कंट्रोल-यू दाबलं की सगळं समोर, आणि तेही अडवलं तरी डेव्हलपर टूल्स आहेतच. कोड गिचमिड केला तर वाचणाऱ्याचा वेळ जातो, एवढंच. म्हणून पासवर्ड आणि खासगी माहिती सर्व्हरबाहेर पाठवूच नये.

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी राज्याच्या शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे खासगी ओळख क्रमांक, पानाच्या कोडमध्येच होते. एका पत्रकाराने ते खात्याला कळवलं, दुरुस्ती होईपर्यंत बातमीही थांबवली. गव्हर्नर माइक पार्सन यांनी मात्र त्यालाच हॅकर ठरवून खटल्याची भाषा केली. हा उघड अन्याय होता. पुढे सरकारी वकिलांनी आरोप ठेवले नाहीत.