चुंबक आणि बँकेची शिल्लक

आम्ही बँकेतील कारकून, शिक्षण कला शाखेचे. पूर्वी खातेदाराची शिल्लक आम्ही लेजरमध्ये शाईने लिहीत असू. पुढे ती संगणकाच्या हार्ड डिस्कवर सूक्ष्म चुंबकीय ठिपक्यांत गेली. हे ठिपके वाचायचे कसे? इलेक्ट्रॉनला विद्युतभाराबरोबरच ‘स्पिन’ हा गुणही असतो. लगतच्या दोन चुंबकीय थरांची दिशा एक असली की विद्युतरोध घटतो, उलट असली की वाढतो. १९८८ साली फर्ट व ग्रुनबर्ग यांच्या गटांनी हे दाखविले. २००७ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्पिनट्रॉनिक्स ते हेच.

हे ज्ञान दूरचे नाही. सातारा-सांगलीची महाविद्यालये ज्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली, तेथे लोहाच्या ऑक्साइडात निकेल, जस्त मिसळून व भट्टीत भाजून होणाऱ्या फेराइट या चुंबकीय पदार्थांवर अनेक वर्षे संशोधन झाले आहे. भौतिकशास्त्र घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींना ‘नोकरी कुठे मिळणार?’ म्हणून पालकांनी अडवू नये, एवढीच विनंती.