दुसऱ्या रांगेतील वीर

शाळेतून परतलेले मूल दप्तर भिंतीशी टाकून दूरचित्रवाणीसमोर बसते, तेव्हा पडद्यावर बहुधा एखाद्या महापराक्रमी बालवीराची गोष्ट चाललेली असते. मालिकेला नाव त्या वीराचे, शीर्षकगीत त्याचे आणि शेवटचा निर्णायक ठोसाही त्याचाच. असे असूनही ‘तुला यातला कोण आवडतो?’ असा प्रश्न केला, तर उत्तर पुष्कळदा अनपेक्षित येते. नायकामागे उड्या मारीत येणारे एखादे माकड, किंवा आधी घाबरून मग सगळ्यांच्या पुढे धावणारा एखादा चिमुरडा हाच त्या मुलाचा खरा लाडका निघतो. वडीलधारी मंडळी हसतात आणि विसरून जातात. वास्तविक त्या उत्तरात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. कोल्हापूरकरांना तर त्यासाठी दूर जावयास नको. शहरापासून सुमारे वीस किलोमीटरांवर असलेला पन्हाळा साडेतीन शतकांहून अधिक काळ याच प्रेमाचा साक्षीदार आहे.

ढोलकपूरचे सवंगडी

सध्याच्या पिढीला सर्वांत परिचित असलेला आपल्याकडील बालवीर म्हणजे ‘छोटा भीम’. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड या संस्थेचे राजीव चिलका यांनी निर्माण केलेली ही मालिका 2008 साली पोगो वाहिनीवर सुरू झाली. ढोलकपूर नावाच्या काल्पनिक राज्यातील हा नऊ वर्षांचा मुलगा लाडू खाल्ला की असामान्य बलवान होतो आणि राक्षसापासून दरोडेखोरापर्यंत सर्वांना लोळवतो. मालिकेचा बाज हसरा आहे. येथे कोणी मरत नाही. दुष्टाला फार तर चिखलात लोळण मिळते.

या भीमाभोवती सवंगड्यांचा मेळा आहे. समंजस चुटकी आहे, बोलणारे माकड जग्गू आहे, वयाने सर्वांत लहान पण धीट असा राजू आहे. भीमाशी सतत चुरस करणारा कालिया आणि त्याच्या मागेपुढे असणारी ढोलू-भोलू ही जुळी भावंडेही आहेत. भीमाचे बळ ज्या लाडवांत आहे, ते लाडू चुटकीची आई टुनटुन मावशी हिच्या दुकानात वळले जातात. म्हणजे ढोलकपूरच्या प्रत्येक विजयामागे एक चालते दुकान आहे आणि ते चालविणारी एक गृहिणी आहे. व्यापारी कुटुंबातील मुलांच्या ध्यानात ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर यावी!

मुले या सवंगड्यांवर एवढा जीव का लावतात? भीम जिंकणार हे पहिल्या क्षणापासून ठाऊक असते. त्याची काळजी वाटत नाही आणि जिथे काळजी नाही तिथे माया रुजत नाही. राजूची गोष्ट निराळी आहे. त्याचे हात लहान आहेत, समोरचा राक्षस मोठा आहे, तरी तो मागे हटत नाही. ज्याच्यापाशी बळ आहे त्याने लढणे हा पराक्रम खरा. परंतु बळ नसताना मित्रासाठी उभे राहणे हे धैर्य आहे. पाहणाऱ्या मुलाला आपण भीम नाही हे पुरेपूर कळत असते. राजू मात्र आपण होऊ शकतो, असे त्याला वाटते. प्रेक्षकांचे हे प्रेम निर्मात्यांनीही ओळखले आणि पुढे राजूला ‘मायटी राजू’ या नावाने स्वतःची निराळी मालिका मिळाली.

सोबती की सेवक?

आज साठीच्या घरात असलेल्या वाचकांना इंद्रजाल कॉमिक्सची आठवण असेल. 1964 मध्ये सुरू झालेल्या या चित्रमालेने वेताळ आणि जादूगार मँड्रेक मराठीतून घरोघरी पोहोचविले. मँड्रेकबरोबर सावलीसारखा वावरणारा लोथार हा कथेप्रमाणे आफ्रिकेतील राजपुत्र होता. सिंहासनावर पाणी सोडून तो मित्रासोबत निघाला होता. तरीही 1934 पासूनच्या जुन्या चित्रांत त्याच्या अंगावर बिबट्याचे कातडे आणि तोंडी मोडकी-तोडकी भाषा दिली गेली. राजपुत्राला चित्रकाराने नोकराच्या जागी उभे केले होते. 1965 मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स यांच्याकडे या चित्रकथेची चित्रे आली. त्यानंतर लोथारचा वेष बदलला, त्याची भाषा सुधारली आणि तो मँड्रेकचा बरोबरीचा मित्र म्हणून दिसू लागला.

हा बदल केवळ कपड्यांचा नव्हता. सोबत करणारा माणूस कमी दर्जाचा नसतो, ही जाणीव त्यामागे होती. बॅटमॅनच्या रॉबिनचा प्रवासही असाच बोलका आहे. 1940 साली तो बॅटमॅनचा मदतनीस म्हणून कथेत आला. 2013 पासून प्रसारित होणाऱ्या ‘टीन टायटन्स गो!’ या विनोदी कार्टून मालिकेत हाच रॉबिन आपल्या मित्रमंडळाचा म्होरक्या आहे. एका कथेतील दुसऱ्या रांगेचा माणूस दुसऱ्या कथेत पहिल्या रांगेत उभा राहू शकतो. रांग कथेने ठरविलेली असते. माणसाची उंची त्यावरून ठरत नाही.

रामकथेतील धाकटा भाऊ

भारतीय मनाला हे तत्त्व नवे नाही. 2005 साली ‘हनुमान’ हा ॲनिमेशनपट आला, तेव्हा मुलांनी ज्याला डोक्यावर घेतले तो रामकथेचा नायक नव्हता, नायकाचा सहायक होता. जैन परंपरेतील रामकथेने तर याहून पुढचे पाऊल शतकांपूर्वीच टाकले आहे. विमलसूरींचे प्राकृत ‘पउमचरिय’ आणि रविषेणाचार्यांचे संस्कृत ‘पद्मपुराण’ या ग्रंथांत रावणाचा वध रामचंद्र करीत नाहीत. तो लक्ष्मणाच्या हातून होतो. राम हे बलभद्र, लक्ष्मण हा वासुदेव आणि रावण हा प्रतिवासुदेव, अशी ही मांडणी आहे.

या मांडणीत एक विलक्षण कठोर सत्य आहे. शस्त्र लक्ष्मणाने चालविले, म्हणून त्या हिंसेचे फळही त्यालाच भोगावे लागते आणि त्याला नरकगती मिळते. लक्ष्मणाच्या मृत्यूनंतर शोकाने वेडे झालेले राम सहा महिने त्याचे कलेवर सोडीत नाहीत. पुढे भानावर येऊन दीक्षा घेतात आणि मोक्षास जातात. पराक्रमाचे श्रेय आणि पराक्रमाची किंमत ही दोन निराळी खाती आहेत, हे या कथेने किती स्पष्टपणे लिहून ठेवले आहे! दुसऱ्या रांगेतील माणूस पुष्कळदा दुसऱ्या खात्यातील रक्कम भरीत असतो. त्याच्याविषयी वाटणारी माया म्हणजे त्या ऋणाची कबुलीच होय.

पन्हाळ्यावरची एक रात्र

हे ऋण कागदावरचे नसून हाडामांसाचे होते, याची प्रचिती पन्हाळ्यावर येते. अफझलखान प्रसंगानंतर अवघ्या अठरा दिवसांत, 28 नोव्हेंबर 1659 रोजी, शिवाजी महाराजांनी हा गड घेतला. पुढच्या मार्चमध्ये विजापूरच्या सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. राजापूरच्या इंग्रजांनीही त्याला तोफांची साथ दिली. नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडण्याचा प्रयत्न केला, पण तो यशस्वी झाला नाही. चार महिन्यांहून अधिक काळ गड झुंजत राहिला. इतके दिवस गड तग धरू शकला, तो तटबंदीप्रमाणेच धान्याच्या बळावर. गंगा, यमुना, सरस्वती या नावांनी ओळखली जाणारी अंबरखान्याची प्रशस्त कोठारे आजही पाहावयास मिळतात. ढोलकपूरला लाडवांचे दुकान, तसा पन्हाळ्याला अंबरखाना!

आषाढ पौर्णिमेच्या रात्री, 12 जुलै 1660 रोजी, भर पावसात महाराज सुमारे सहाशे मावळ्यांसह राजदिंडीच्या वाटेने गडाबाहेर पडले आणि मसाई पठारावरून विशाळगडाकडे निघाले. त्याच रात्री दुसरी एक पालखीही निघाली. तीत महाराजांच्या वेषात शिवा काशीद बसले होते. पायथ्याच्या नेबापूरचे हे रहिवासी जातीने नाभिक. चेहरेपट्टीने ते महाराजांशी मिळतेजुळते होते, असे परंपरा सांगते. शत्रूने ती पालखी धरली. सोंग उघडकीस येईपर्यंत जो वेळ गेला तेवढाच वेळ महाराजांना मिळाला आणि त्या वेळेचे मोल शिवा काशीद यांनी प्राण देऊन चुकते केले.

दुसऱ्या दिवशी सिद्दी मसूदचे सैन्य पाठीवर आले. गजापूरजवळच्या घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे सुमारे तीनशे बांदल मावळ्यांसह थांबले. महाराज उरलेल्या मावळ्यांसह पुढे गेले, विशाळगडाच्या पायथ्याशी असलेला सुर्वे-दळवींचा वेढा फोडून गडावर पोहोचले आणि इशारतीच्या तोफा झाल्या. तोवर खिंड लढत होती. बाजीप्रभू आणि त्यांचे बंधू फुलाजी दोघेही कामी आले. घोडखिंडीला पुढे पावनखिंड हे नाव लाभले.

आणखी एक नाव सहसा घेतले जात नाही. महाराज निघून गेल्यावर पन्हाळा सांभाळीत मागे राहिले ते त्र्यंबक भास्कर. पालखीत बसणारा एक, खिंडीत थांबणारा एक आणि गडावर मागे उरणारा एक. नायक सुखरूप पुढे गेला, तो या तिघांच्या आणि त्यांच्यासोबतच्या शेकडोंच्या थांबण्यामुळे.

परत आलेला वीर

लोकांनी हे ऋण विसरू दिले नाही. पन्हाळ्यावर येणाऱ्याला बाजीप्रभूंचा आवेशपूर्ण पुतळा दिसतो. शिवा काशीद यांचाही पुतळा गडावर आहे. बाजी-फुलाजींच्या समाध्या विशाळगडावर आहेत. श्री अरविंदांनी इंग्रजीत दीर्घ काव्य लिहिले, त्याचे नायकपद बाजीप्रभूंना दिले. 2022 मधील दिग्पाल लांजेकर यांच्या ‘पावनखिंड’ या चित्रपटातही कथेचा केंद्रबिंदू तेच आहेत. दरवर्षी पावसाळ्यात शेकडो तरुण चिखल तुडवीत पन्हाळा ते पावनखिंड ही वाट चालतात. 2025 च्या जुलैमध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत पन्हाळाही आहे.

तथापि मुलांना ही कथा सांगताना एक सावधगिरी आवश्यक आहे. कार्टूनमधील राजू पुढच्या भागात हसत परत येतो. शिवा काशीद परत आले नाहीत. हा फरक झाकू नये. परंतु सोबत्याचे मोठेपण मरण्यातच असते, असा ग्रहही मुलांच्या मनात राहू देऊ नये. त्यासाठी पन्हाळ्यानेच दुसरी कथा दिली आहे. 1660 मध्ये सोडावा लागलेला हा गड 6 मार्च 1673 रोजी कोंडाजी फर्जंद यांनी निवडक साठ मावळ्यांनिशी एका रात्रीत परत जिंकला. ते गडावर चढले, जिंकले आणि जिवंत राहिले. सोबतीचे श्रेष्ठत्व बलिदानात आहे, तसेच कार्य तडीस नेण्यातही आहे.

ही जाणीव घरातही उपयोगी पडते. दुकानाच्या फलकावर नाव एकाचे असते. पहाटे मालाची गाडी उतरवून घेणारा धाकटा भाऊ, वर्षानुवर्षे खतावणी निर्दोष ठेवणारे दिवाणजी, सर्वांचे डबे वेळेवर भरून देणारी गृहिणी यांची नावे त्या फलकावर मावत नाहीत. वर्गात दुसरा-तिसरा येणारा मुलगा, सामन्यात राखीव बसणारी मुलगी हीदेखील याच रांगेतील माणसे. त्यांना ‘तू पहिला का नाहीस?’ असे विचारण्यापूर्वी, पहिल्याला पहिला करणारे कोण होते, हे मोठ्यांनी एकवार आठवावे.

सुट्टीत मुलांना घेऊन पन्हाळ्यावर जाणाऱ्यांनी राजदिंडी दाखवावी, बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी थांबावे, अंबरखान्याच्या थंड काळोखात उभे राहून धान्याचा हिशेब सांगावा. मग मुलांना एकच प्रश्न विचारावा : या गोष्टीत आणखी कोण होते? जग्गूवर आणि राजूवर प्रेम करणारे मूल थोडा विचार करील आणि म्हणेल, पालखी कोणी उचलली होती? त्या पावसाळी रात्री दोन पालख्या खांद्यावर घेऊन धावणाऱ्या भोयांची नावे पुतळ्यांखाली कोरलेली नाहीत. ती विचारण्याची बुद्धी मात्र मुलांना असते. मोठ्यांनी ती हसण्यावारी नेऊ नये.