दवाखान्यातला मशीनचा चहा

हातोदमधल्या आपल्या लोकांत असे घर क्वचितच सापडेल, ज्याने कधी ना कधी इंदूरच्या दवाखान्यात रात्र काढली नाही. साध्या तापा-खोकल्याचे औषध गावातच मिळते. पण ऑपरेशन म्हटले, मोठी तपासणी म्हटली, की पिशवीत चादर, तांब्या आणि जुन्या रिपोर्टांची फाइल घालून वीस-बावीस किलोमीटरवर इंदूरला जावेच लागते. तिथे रुग्णाला औषध काय द्यायचे ते डॉक्टर पाहतात. पण त्याने आणि त्याच्याबरोबर आलेल्यांनी काय खायचे-प्यायचे, हे पुष्कळदा आपल्यावरच सोडलेले असते आणि तिथेच आपण चुकतो. मी स्वतः चुकले आहे, म्हणून पालकांसाठी आणि वरच्या वर्गांतल्या मुलामुलींसाठी हे लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या काकांचे पित्ताशयातल्या खड्यांचे ऑपरेशन ठरले होते. रात्री सिस्टरने सांगितले, "सकाळी उपाशी ठेवा." काकूने मान डोलावली. पहाटे साडेपाचला काका म्हणाले, घशाला कोरड पडली आहे. खालच्या मजल्यावर चहाचे मशीन होते. मी जाऊन बटण दाबले, कागदी कप भरून आणला आणि काकांनी तो मोठ्या समाधानाने संपवला. आठ वाजता त्यांना न्यायला आले, तेव्हा विचारणा झाली, "काही घेतलं का?" काकू म्हणाली, "काही नाही हो, नुसता चहा."

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेले. चार माणसांची रजा, काकांची आणखी एक जागरणाची रात्र आणि ज्या दुसऱ्या रुग्णाला ती खाट मिळायची त्याचा एक दिवस, हे सगळे माझ्या एका कपापायी.

आता काकूचे तरी काय चुकले? आपल्याकडे उपासाला चहा चालतो. एकादशी असो की चतुर्थी, सकाळचा चहा कोणी सोडत नाही. निर्जळी करणारे निराळे, आणि त्यासाठी आपल्याकडे शब्दही निराळा आहे. त्यामुळे "उपाशी" हा शब्द कानावर पडला, की आपल्या मनात येते ते एवढेच की पोळी-भाजी नको. दवाखान्याच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ वेगळा आहे, आणि तो का वेगळा आहे हे एकदा समजून घेतले पाहिजे.

आपण जागे असतो तेव्हा पोटातले काही वर घशाशी आले, तर आपण गिळतो किंवा खोकतो. श्वासनलिकेच्या तोंडावरचा हा पहारा झोपेतही बऱ्यापैकी चालू असतो. पूर्ण भूल दिल्यावर मात्र तो उठतो. अशा वेळी पोटातले आंबट द्रव घशात आले, तर ते सरळ फुप्फुसांत उतरू शकते आणि त्यातून होणारा न्यूमोनिया जिवावर बेतू शकतो. म्हणून भूल देण्यापूर्वी पोट रिकामे हवे. ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी आणि एरवी प्रकृती ठीक असलेल्या माणसासाठी सर्वसाधारण नियम असा आहे: साधे पाणी दोन तास आधीपर्यंत, हलके खाणे सहा तास आधीपर्यंत, तळलेले किंवा जड जेवण आठ तास किंवा त्याहूनही आधी. खरी मेख दुधाची आहे. दूध पोटात गेले की फाटते, त्याच्या गुठळ्या होतात, आणि पोटाच्या दृष्टीने ते पातळ राहत नाही. म्हणून त्याचा हिशेब खाण्यात धरतात आणि त्यालाही सहा तास लागतात. कोरा चहा पाण्यासारखा मानला जातो, पण आपला दुधाचा चहा म्हणजे जवळजवळ नाश्ताच. लहान मुले, गरोदर बायका आणि मधुमेही यांचे वेळापत्रक निराळे असते. त्यामुळे हे तास पाठ करून आपल्या मनाने वागू नये; ते का ठरवले आहेत एवढे ठाऊक असावे.

मशीन अर्थातच यातले काही विचारत नाही. गावातला चहावाला "कोणासाठी?" असे सहज विचारतो. मशीनला पैसे मिळाले की ते कप भरते. ही त्याची रीत फार जुनी आहे. पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया शहरातल्या हीरॉन नावाच्या गणितज्ञाने मंदिरात पवित्र पाणी देणाऱ्या एका यंत्राचे वर्णन लिहून ठेवले आहे. वरून नाणे टाकले की ते आतल्या तरफेच्या एका टोकावर पडे, त्या वजनाने झडप उघडे आणि पाणी वाहू लागे. नाणे घसरून खाली पडले की झडप बंद. नववी-दहावीच्या मुलांना तरफेच्या धड्यात सांगावे असे हे उदाहरण आहे. पुढे १८८३ मध्ये लंडनला पर्सिव्हल एव्हरिट याने नाणे टाकून पोस्टकार्ड देणारे यंत्र आणले आणि तिथून आजच्या यंत्रांचा वंश सुरू झाला. आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आले आणि नाण्याची जागाही मोबाइलने घेतली.

चहाच्या मशीनच्या पोटात काय असते? एक पाण्याची टाकी, जिच्यातले पाणी उकळीच्या थोडे खाली कायम तापलेले ठेवतात. तिच्याशेजारी भुकटीचे डबे. प्रत्येक डब्याच्या तळाशी एक लांब स्क्रू असतो; पिठाच्या गिरणीत धान्य पुढे सरकते तशी तो फिरला की भुकटी पुढे सरकते. बटण दाबल्यावर स्क्रू ठरावीक सेकंद फिरतो, भुकटी एका छोट्या वाडग्यात पडते, वरून गरम पाण्याची धार येते आणि खाली चिमुकली रवी गरगर फिरते. फेस येतो तो तिच्यामुळे. चहा पातळ लागला, तर पुष्कळदा सेकंदच कमी ठेवलेले असतात. (ही गंमत कळल्यापासून मी मशीनला नावे ठेवणे सोडले आहे, सेकंद ठरवणाऱ्याला ठेवते.)

या भुकटीला प्रीमिक्स म्हणतात, आणि मधुमेहाच्या घरांनी हा शब्द लक्षात ठेवावा. बहुतेक प्रीमिक्समध्ये चहाचा अर्क, दुधाची पावडर आणि साखर आधीच एकत्र केलेली असते. त्यामुळे "साखर कमी" असे मशीनला सांगायची सोयच नसते. बिनसाखरेचा डबा वेगळा ठेवला असेल तरच ते शक्य आहे. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणजे यादीत जे पहिले, ते सर्वांत जास्त. कधी प्रीमिक्सचे पाकीट हाती आले, तर पहिला शब्द कोणता आहे ते मुलांना वाचायला सांगा.

दुसरी बाजू स्वच्छतेची. त्या वाडग्यात आणि नळीच्या तोंडाशी दुधाच्या भुकटीचा ओला थर राहतो. तिथली ऊब आणि ओल जंतूंना मानवते. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा त्यांच्या वाढीचा पट्टा. दुधाच्या भुकटीत असू शकणारे काही जंतू बीजाणूंच्या रूपात गरम पाण्यालाही दाद देत नाहीत. म्हणून वाडगा, रवी आणि नळी रोज काढून धुवावी लागते. नुसते गरम पाणी सोडून भागत नाही. रस्त्यावरची गाडी अस्वच्छ आणि मशीन स्वच्छ, असा आपला सरसकट समज आहे, तो मला पटत नाही. गाडीवरचा चहा आपल्यासमोर खळखळा उकळतो, मशीनचा वाडगा आपल्याला दिसत नाही. शिवाय दवाखान्यात ते एकच बटण दिवसभरात किती हातांनी दाबले असेल याचा विचार करा, आणि कप उचलून खाटेशी गेलात की आधी हात धुवा. मशीनवर अन्नसुरक्षेचा १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक आहे का, हेही पाहता येते.

चहाशेजारी काचेचे दुसरे मशीन असते, त्यात स्प्रिंगसारख्या वेटोळ्यांत पाकिटे अडकवलेली असतात. वेटोळे एक फेरा फिरले की एक पाकीट खाली पडते. बहुधा वेफर्स, बिस्किटे, चॉकलेट, थंड पेये. टिकतात म्हणून तीच ठेवतात, त्यामागे दुसरे शास्त्र नाही. सूज असलेल्या हृदयरोग्याला मीठ बेताने द्यायला सांगतात आणि त्याचा नातू प्रेमाने आजोबांना वेफर्सचे पाकीट फोडून देतो. एका बाबतीत मात्र हे मशीन वेळेला उपयोगी पडते. इन्सुलिन किंवा गोळी घेतली आणि जेवण लांबले, तर मधुमेह्याची साखर एकदम उतरते. थरथर, घाम, बडबड सुरू होते. रक्तातली साखर ७० च्या खाली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार छोटे चमचे, लगेच पोटात जायला हवी. फळांच्या रसाचे एक लहान खोके पुरते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. तिथे घाईत "शुगर फ्री" पेयाचे बटण दाबले तर काही उपयोग नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालू नये. अर्थात दवाखान्यात असताना पहिली हाक सिस्टरला.

आणि नारळपाणी! मशीनला नावे ठेवून आपण बाहेर येतो आणि मोठ्या विश्वासाने शहाळे घेतो. बहुतेकांना ते चांगलेच. पण त्यात पोटॅशियम भरपूर असते, १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम. ज्याचे मूत्रपिंड काम करत नाही त्याच्या रक्तात ते साठते, आणि ते फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. डायलिसिसच्या रुग्णाला भेटायला जाताना शहाळे नेऊ नये.

रुग्णाचे खाणे हा उपचाराचाच भाग आहे, हे पाश्चात्य देशांतही लढाईनेच शिकवले. १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी लंडनच्या एका नामांकित क्लबचा माजी बल्लवाचार्य अलेक्सिस सोयर स्वखर्चाने तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेला आणि तिथले स्वयंपाकघर त्याने सुधारले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल तिथेच काम करत होत्या. १८५९ च्या त्यांच्या शुश्रूषेवरील पुस्तकात रुग्णाच्या खाण्यावर चांगली दोन प्रकरणे आहेत. अन्न जवळ असूनही चुकीच्या वेळी दिल्यामुळे रुग्ण उपाशी राहतो, ही त्यांची तक्रार होती.

हे झाले रुग्णाचे. सोबत आलेल्याचे काय? आपल्या भागातले कितीतरी लोक एम. वाय.ला, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयात जातात. धार-झाबुआकडूनही लोक तिथे येतात आणि त्यांच्या सोबत्यांना दिवसच्या दिवस बाहेर काढावे लागतात. सरकारी रुग्णालयात बाळंतिणीला २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे जेवण फुकट मिळते, साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियन झाल्यास सात दिवस. पण तिच्या उशाशी बसलेल्या आजीचे नाव त्या यादीत नसते. ही आजी दिवसभर मशीनच्या चहावर काढते आणि तिसऱ्या दिवशी तिलाच चक्कर येते. मध्य प्रदेशात २०१७ मध्ये स्वस्त थाळीची दीनदयाल रसोई योजना सुरू झाली, महाराष्ट्रात २०२० मध्ये शिवभोजन थाळी आली. गेल्या गेल्या जवळचे असे केंद्र कुठे आहे ते विचारून घ्यावे. पण नातेवाइकांची ही अडचण फार आधी ओळखली ती गाडगे महाराजांनी. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी गावोगावहून येणाऱ्यांना आसरा देते. दवाखान्यातल्या खाटेइतकीच खाटेशेजारच्या माणसाची सोय महत्त्वाची, हे त्या शाळा न शिकलेल्या माणसाला कळले होते.

आपल्या शाळेच्या आवारात आणि पन्नास मीटरच्या आत जास्त तेल, साखर आणि मिठाचे पदार्थ विकायला २०२० च्या नियमांनी बंदी आहे. रुग्णालयांसाठी "ईट राइट कॅम्पस" ही योजना आहे, पण ती ऐच्छिक. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने २०१७ मध्ये आपल्या रुग्णालयांतल्या दुकानांना साखरेच्या पेयांची विक्री एकूण पेयांच्या दहा टक्क्यांवर आणायला सांगितले होते. आपल्याकडे निदान चहाच्या मशीनवर "ऑपरेशनच्या रुग्णाला देण्यापूर्वी सिस्टरला विचारा" अशी एक ओळ हिंदीत मोठ्या अक्षरांत चिकटवायला काय हरकत आहे? तिला खर्च नाही.

काकांचे ऑपरेशन दुसऱ्या दिवशी नीट पार पडले. संध्याकाळी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्यांनी आधी पाण्याचे घोट घेतले आणि लगेच चहा मागितला. तो त्या दिवशी मिळाला नाही. काकू मात्र आता कोणाच्याही सोबतीला दवाखान्यात गेली, की "उपाशी ठेवा" एवढ्यावर मान डोलावत नाही. ती सिस्टरला थांबवून विचारते, "खाणं कधीपासून बंद, पाणी कधीपासून बंद, आणि चहा कधीपासून?" आणि तिन्ही वेळा फाइलच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवते.