पाँटून नौका
पाँटून नौका : दोन किंवा तीन पोकळ, हवाबंद नळ्यांवर सपाट डेक बसवून तयार केलेली व मुख्यत्वे शांत पाण्यातील कौटुंबिक विहारासाठी वापरण्यात येणारी नौका. हिचे मूलतत्त्व जुनेच असून प्रयाग येथील मेळ्यात गंगेवर उभारण्यात येणारे पिपांचे पूल त्याच तत्त्वावर तरंगतात. विहारनौकेचे रूप मात्र तिला अमेरिकेतील मिनेसोटा या सरोवरबहुल राज्यात मिळाले. तेथील रिचमंड गावाजवळचा शेतकरी अँब्रोझ वीर्स याने १९५२ च्या सुमारास पोलादी पिपे एकापुढे एक जोडून त्यांच्या दोन रांगांवर लाकडी डेक बसविला. पुढे पिपांऐवजी ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या नळ्या आल्या. नळीच्या आत आडव्या भिंती घालून स्वतंत्र कप्पे केलेले असल्यास एका ठिकाणी छिद्र पडले तरी नौका बुडत नाही.

या नौका दिसावयास बव्हंशी सारख्याच असतात. गाडीमागे जोडून त्या रस्त्याने न्याव्या लागत असल्याने रुंदी सामान्यतः सु. २·६ मी. पर्यंतच ठेवतात, बैठका, कठडा व छत यांची मांडणीही ठराविक असते. त्यामुळे दोन नौकांतून एक निवडताना ग्राहकाचे लक्ष गाद्यांच्या रंगाकडे जाते. वास्तविक पाहावयाचे असते ते डेकखाली.

नळीची उत्प्लावकता तिच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६ मी. लांबीच्या दोन नळ्यांचा व्यास ५८ सेंमी. असेल, तर त्या पूर्ण बुडाल्यास सु. ३,१७० किग्रॅ. गोडे पाणी बाजूस सारतात. व्यास ६४ सेंमी. असेल, तर हाच आकडा सु. ३,८६० किग्रॅ. होतो. (निमुळत्या टोकांमुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे थोडे कमी भरतात.) नौका, एंजिन व इंधन मिळून १,१०० किग्रॅ. आणि आठ माणसांचे ६०० किग्रॅ. धरल्यास पहिल्या नौकेच्या नळ्या निम्म्याहून अधिक, सु. ५४ टक्के, तर दुसरीच्या सु. ४४ टक्के बुडतात. काठावरून हा सहा सेंमी.चा फरक डोळ्यांत भरत नाही. पण पाण्याबाहेर उरलेला भाग हीच नौकेची राखीव शक्ती होय.

तिची कसोटी लागते ती पुढच्या टोकाशी. देखावा पाहण्यासाठी सगळी मंडळी पुढे जमली आणि चालकाने वेग एकदम कमी केला, तर मागून येणारी नौकेचीच लाट मागील भाग उचलते, नळ्यांची निमुळती टोके पाण्याखाली जातात व पाणी डेकवर चढते. दोन नळ्यांच्या नौकेची आडवी स्थिरता उत्तम असते, म्हणून ती सर्वतोपरी निर्धोक वाटते. हा समज घातक आहे. उत्पादकाच्या पट्टीवर माणसांची संख्या व एकूण वजन या दोन्ही मर्यादा दिलेल्या असल्यास दोन्ही पाळावयाच्या असतात. निव्वळ डोकी मोजणे पुरेसे नाही.

तिसऱ्या नळीने उत्प्लावकता सु. दीडपट होते. नळ्यांच्या खालच्या बाजूस उचल देणाऱ्या पट्ट्या जोडलेल्या असल्या, तर वेगात नौका पाण्याच्या वर उचलली जाते व वळणावर आत झुकते. जलक्रीडेसाठी, मोठ्या सरोवरातील लाटांसाठी किंवा दहा-बारा जणांसाठी हा खर्च योग्यच आहे. परंतु सायंकाळी मंद गतीने फेरफटका मारणाऱ्या पाच-सहा जणांच्या कुटुंबाला तिसरी नळी व तिला साजेसे शक्तिमान एंजिन यांची गरज नसते. त्यांनी तेच पैसे अधिक व्यासाच्या दोन नळ्यांवर खर्चावेत. चाचणीफेरीही दोघांनी नव्हे, तर पूर्ण कुटुंबाचा भार घेऊन वाऱ्याच्या दिवशी करावी. उंच कठड्यामुळे ही नौका धक्क्याला लावताना वाऱ्याने बरीच बाजूला सरकते.

नौका कोणतीही असो, ती चालू असताना कठड्यापुढील मोकळ्या डेकवर मुलांना बसू देऊ नये. तेथून पडलेले मूल दोन नळ्यांमधून सरळ एंजिनाच्या पंख्याकडे ओढले जाते.