टाळेबंदीत अडकलेले आठवडे

२४ मार्च २०२०. रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी जाहीर केले की मध्यरात्रीपासून २१ दिवस देश बंद! घराघरांत डाळ-तांदूळ, दूध, औषधे यांचा हिशेब सुरू झाला. काही घरांत मात्र एखादी बाई मनातल्या मनात वेगळाच हिशेब करीत होती. पाळी चुकून किती दिवस झाले?

असे एक घर डोळ्यांपुढे आणा. दोन मुले, नवऱ्याची रोजंदारी बंद, सासूबाईंना दमा. तिसरे मूल नको, हे नवरा-बायकोचे आधीच ठरलेले. एरवी ती मुलांना शेजारणीकडे सोपवून तालुक्याच्या दवाखान्यात गेली असती आणि संध्याकाळच्या एसटीने परत आली असती. आता एसटी नाही, रिक्षा नाही, नाक्यावर पोलीस. 'कुठे निघालात बाई?' या प्रश्नाला चारचौघांत काय उत्तर द्यायचे?

कागदावर सोय होती

सरकारने ही सेवा बंद केली नव्हती. उलट एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या सूचनांत सुरक्षित गर्भपाताची गणना अत्यावश्यक सेवांमध्ये केली. पण अनेक सरकारी रुग्णालये कोरोनाच्या कामाला जुंपलेली, आणि छोटी खाजगी प्रसूतिगृहे कर्मचाऱ्यांअभावी किंवा संसर्गाच्या भीतीने बंद. आयपास डेव्हलपमेंट फाउंडेशन या संस्थेने तेव्हा अंदाज बांधला होता की टाळेबंदीच्या तीन महिन्यांत एरवी सुमारे ३९ लाख गर्भपात झाले असते; त्यांपैकी साडेअठरा लाख स्त्रियांना ही सेवा वेळेवर मिळणे कठीण झाले.

'वेळेवर' हाच यातला कळीचा शब्द. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे दिवस गेल्याचे लक्षात येते तेव्हाच पाच-सहा आठवडे उलटलेले असतात. गोळ्यांनी गर्भपात करण्याची मुदत नऊ आठवड्यांची. म्हणजे हातात उरतात तीनेक आठवडे. बरोबर २१ दिवस!

टाळेबंदी तर पुढे वाढतच गेली. १४ एप्रिल, ३ मे, १७ मे, ३१ मे. २४ मार्चला जिला सहा आठवडे झाले होते, तिला मेअखेर जवळजवळ सोळा झाले. गोळ्यांची मुदत केव्हाच संपली. बारा आठवड्यांच्या आत होणारी सोपी सक्शनची पद्धतही हुकली. त्यावेळच्या कायद्याप्रमाणे बारा आठवड्यांनंतर एकाऐवजी दोन डॉक्टरांचे मत लागे. एक डॉक्टर मिळण्याची मारामार, तिथे दोन कुठून आणायचे? शिवाय खर्च वाढला आणि जिवाचा धोकाही.

गोळ्या गेल्या कुठे?

औषधांची दुकाने तर उघडी होती ना? होती. पण माल पोहोचत नव्हता. आणि महाराष्ट्रात त्याआधीपासूनच अनेक दुकानदार या गोळ्या ठेवीत नव्हते. स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध कारवाई सुरू झाली तेव्हा तपासणीच्या आणि हिशेबाच्या कटकटीला कंटाळून त्यांनी 'नकोच ते' म्हटले. ही गल्लत समजून घेण्याजोगी आहे. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा, गर्भपाताला परवानगी देणारा १९७१ चा. गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच घ्यायच्या असतात, आणि तोवर सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे दिसतच नाही. मग त्या गोळ्यांचा मुली मारण्याशी संबंध काय? एका चांगल्या कायद्याच्या धाकाने दुसरा चांगला कायदा दुकानाबाहेर उभा राहिला.

गंमत अशी की १९७१ च्या कायद्याचा पाया ज्या समितीने घातला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते.

आणखी एक अडसर कायद्यात नसून रिवाजात आहे. 'मिस्टरांची सही आणा.' सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. परगावी मजुरीला गेलेला नवरा तिथेच अडकला असेल तर अशा सहीपायी किती आठवडे जावेत? २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही डॉक्टरांनी कायद्यात नसलेल्या अटी घालू नयेत, असे बजावले.

इंग्लंडने मात्र ३० मार्च २०२० रोजीच डॉक्टरांशी फोनवर बोलून, गोळ्या घरी मागवून दहाव्या आठवड्याच्या आत गर्भपात करण्याची मुभा दिली. पुढे ती कायमची झाली. भारतात कायद्याने अशी वाट मोकळी झाली नाही.

आपला कायदा बदलला तो मार्च २०२१ मध्ये. वीस आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचे मत पुरेसे झाले, आणि ठरावीक स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवड्यांवर गेली. या स्त्रिया कोण, ते ऑक्टोबर २०२१ च्या नियमांनी सांगितले. बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अपंग अशा अनेकींबरोबर त्यात एक ओळ आहे : सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीत किंवा आणीबाणीच्या परिस्थितीत सापडलेल्या गरोदर स्त्रिया.

हे नियम निघाले तेव्हा कोरोनाची दुसरी लाटही ओसरली होती, आणि त्या घरातले तिसरे मूल अकरा महिन्यांचे व्हायला आले असते.